समुद्र उजवीकडे होता

खडू दमट झाला की फळ्यावर उमटत नाही, पण अडकलेल्या कडीवर चांगला चालतो.

मेहुण्याच्या गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. गाडी घेऊन बरीच वर्षं झाली होती.

सरकारी अर्जातल्या 'कारण' या रकान्यात 'इच्छा' असं लिहून चालत नाही.

शिलाई मशीनला सीटबेल्ट लावता येतो.

वर्गातून बाहेर पडण्याआधी फळा आपण स्वतः पुसायचा. पुढच्या तासाच्या शिक्षकाला तो कोरा मिळाला पाहिजे. हा आमच्या हिचा नियम. अंगात ताप असतानाही तिने तो पाळल्याचं मी ऐकलं आहे.

"ड्रायव्हरदादा, तुमचं मागच्या बाजूला." हे वाक्य मला उद्देशून होतं.

ही सगळी एकाच सहलीची वाक्यं आहेत. मांडणी विस्कळीत वाटत असेल, तर त्या दिवशी आमच्या गाडीची मागची सीट कुणी पाहिली नाही एवढंच म्हणेन.

आमची ही भूगोल शिकवायची. आपल्या देशाचा पश्चिम किनारा ती फळ्यावर न बघता काढायची. वर्गाकडे तोंड करून बोलता बोलता हात मागे फळ्यावर, वरून खाली, एक एक खाच, एक एक खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी पिवळ्या खडूचा एक ठिपका: दीपगृह. त्या किनाऱ्यालगत एक रस्ता जातो. फार सुंदर आहे म्हणतात. आम्ही त्या रस्त्याने कधी गेलो नव्हतो. दर सुट्टीत कुणाचं तरी काहीतरी निघायचं. लग्न, बाळंतपण, पेपर तपासणी, माझा पाठीचा मणका.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या तासाला एका मुलीने विचारलं, "बाई, दीपगृहात वर गेल्यावर काय दिसतं?" हिने सांगितलं, "बघून सांगते." घंटा झाली आणि नोकरी संपली.

हे मला तिने सांगितलं नाही. मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. कारण निवृत्त झाल्यापासून ही बोलेनाशीच झाली होती. भांडण वगैरे काही नाही. भांडण असतं तर मला सवय आहे. ही नुसती गप्प. शाळेतून आणलेलं डस्टर घेऊन घरभर फिरायची आणि पुसायची. टेबल पुसायची, खिडक्या पुसायची, मी पेपर वाचत असलो की पेपराच्या खालची जागा पुसायची. ज्या बाईने मला जेवताना खारे वारे आणि मतलई वारे समजावले, जिने आमच्या मधुचंद्राला दरीच्या कडेला उभं राहून मला खडकांचे थर मोजायला लावले, ती आता विचारलं तर "हं" म्हणत होती. घर एवढं शांत झालं की फ्रिज बोलतो हे मला पहिल्यांदा कळलं.

मी ठरवलं, हिला तो किनारा दाखवायचा. दीपगृहात वर न्यायचं. ते गप्प राहणं मोडायचं.

पण मला गाडी येत नव्हती.

मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. अपघात मला कागदावर फार जवळून माहीत आहेत, त्यामुळे मी उभ्या आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. या वयात शिकायला गेलो तेव्हा शिकवणाऱ्याने माझ्याकडे, मग गाडीकडे, मग आकाशाकडे बघितलं. परवान्याच्या चाचणीत मी दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा परीक्षक म्हणाले, "साहेब, तुम्ही ब्रेक फार प्रेमाने दाबता. गाडी थांबली पाहिजे ना." तिसऱ्यांदा गाडी थांबली. परीक्षकांचा चष्मा डॅशबोर्डवर गेला, पण थांबली.

गाडी मेहुण्याची. देताना त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हात काही सोडला नाही. "भावजी, एसी दोनच्या वर नको. काचा पूर्ण उघडायच्या नाहीत. आणि प्लास्टिक..."

"काढत नाही," मी म्हणालो.

"तसं नव्हे. घाम पुसत चला."

परवानगीचं प्रकरण वेगळंच. त्या रस्त्यावर तीन दीपगृहं आहेत. वर जायचं तर आमच्या शहरातल्या एका कार्यालयातून चिठ्ठी लागते, आणि ती एकाच दीपगृहाची मिळते. मी तिसऱ्याची मागितली, कारण ते सगळ्यात उंच.

"कारण?" खिडकीतले कारकून म्हणाले.

"बघायचंय."

"बघणं हे कारण नाही."

"मग कारण काय असतं?"

"अभ्यास, चित्रीकरण, दुरुस्ती."

अभ्यासाला संस्थेचं पत्र लागत होतं. चित्रीकरणाला आणखी तीन खात्यांचे शिक्के.

"दुरुस्तीला काय लागतं?"

"दुरुस्तीला काही लागत नाही," ते म्हणाले, "दुरुस्तीला कुणी जातच नाही."

मी लिहिलं, दुरुस्ती. चिठ्ठी चहा गार व्हायच्या आत हातात आली. तारीख मात्र त्यांनीच घातली, आणि ती एकाच दिवसाची, सूर्यास्तापर्यंत.

आता शेजारी. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, त्यांना सगळी इमारत होकायंत्र म्हणते, कारण कुठेही जायचं म्हटलं की ते दिशा सांगतात. त्यांनी सांगितलं, खालून वर जा, म्हणजे दक्षिणेच्या टोकाला आधी आतल्या रस्त्याने उतरा आणि मग किनाऱ्याने उत्तरेला या. का, ते त्यांनी सांगितलं असतं. पण तेवढ्यात आमची ही बोलली. कित्येक आठवड्यांनी पूर्ण वाक्य बोलली.

"किनारा वरून खाली असतो."

एवढ्या निश्चयाने बोलली की काकासुद्धा गप्प बसले. मला तर भरूनच आलं. म्हटलं, वरून खाली तर वरून खाली.

(ही चूक आहे. तुमच्या लक्षात आली असेल तर तुम्ही होकायंत्र काकांच्या बाजूचे. आमच्या आली नाही.)

निघण्याच्या सकाळी तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू जुनी शिलाई मशीन घेऊन खाली उभ्या. "जाताच आहात तर माझ्या भाचीकडे एवढी पोचवा." 'जाताच आहात तर' या तीन शब्दांपुढे आमच्यासारख्या माणसाचं काही चालत नाही. होकायंत्र काकांनी त्याच गावातल्या बहिणीसाठी गुंडाळलेली गादी दिली. डिकीत आमचं सामान, पाण्याचे कॅन आणि तीन वेळचा डबा, कारण बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर? बाहेरचं खायलाच चाललो होतो हे डबा भरताना आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मशीन मागच्या सीटवर, तिला बेल्ट, शेजारी गादी. ही पुढे, माझ्या डावीकडे, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये डस्टर.

रस्ता किनाऱ्याला लागला. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, नजर समोर, घामाघूम. उजव्या कानाला वारा लागत होता, मिठाचा वास येत होता. म्हटलं, काय आनंद झाला असेल हिला.

"कसं आहे?"

"छान आहे."

पुढे अर्ध्या तासाने. "कसं आहे?"

"छान आहे हो."

पहिलं दीपगृह आलं. रंगकाम चालू होतं म्हणून ते खालपासून वरपर्यंत कापडात गुंडाळलेलं होतं, मेहुण्याच्या गाडीतल्या सीटांसारखं. दुसरं आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपेक्षा बुटकं निघालं. मी ते दुकान समजून पुढे गेलो. त्याच्या पुढच्या वळणावर गाडी बंद पडली. गाडी बंद पडली नव्हती, मी चौथ्या गिअरमध्ये चढ चढत होतो. थांबलो. इंजिन शांत झालं आणि लाटांचा आवाज आला.

"अहो," ही म्हणाली, "समुद्र कुठाय?"

"हा काय!" मी माझ्या खिडकीबाहेर हात केला. निळाशार, डोळे दिपवणारा, थेट क्षितिजापर्यंत. आम्ही सकाळपासून त्याच्या काठाने चाललो होतो.

मग मी तिच्या खिडकीतून बाहेर बघितलं. डोंगर. डोंगर म्हणजे कापलेली दरड, तिच्यावर जाळी, आणि जाळीला अडकलेली कुणाची तरी चप्पल.

"तू इतका वेळ काय बघत होतीस?"

"दरड," ती म्हणाली. "आणि तुमच्या पोटाच्या पलीकडे अधूनमधून थोडं निळं."

"मग बोलायचं नाही का!"

"तुम्ही इतकं मन लावून चालवत होतात."

मग ती विचार करायला लागली. तिने पर्सवरचं बोट उचलून हवेत काहीतरी काढलं, वरून खाली, आणि स्वतःशीच हसायला लागली. फळ्यावर किनारा काढला की समुद्र डावीकडे येतो. नोकरीभर तो तिच्या डाव्या हाताला होता. म्हणून ती निश्चिंत मनाने डावीकडे बसली होती. फळ्यासमोर उभं राहणं वेगळं आणि फळ्यातून खाली उतरत जाणं वेगळं, हे कुणाच्या लक्षात येणार?

"पाठ फिरली की डावं उजवं होतं," ती म्हणाली. "मी पाचवीला शिकवते हे."

'शिकवते' म्हणाली. 'शिकवायचे' नाही. मी गिअर बदलला.

मागे फिरून उलटं यावं तर सूर्यास्ताची चिठ्ठी. एकच उपाय होता, तिने माझ्या मागे बसायचं. पण तिथे शिलाई मशीन.

भाचीचं गाव पुढे होतं. भाचीने दार उघडलं, मशीन बघितली आणि म्हणाली, "अगं बाई, मी आत्याला नको म्हटलं होतं हो!" पण आम्ही आमच्या थोबाडावर जो काही भाव आणला असेल, तो बघून तिने मशीन ठेवून घेतली. आणि आत जाऊन सुक्या मासळीचं पोतं घेऊन आली. "परत जाताच आहात तर आत्याला एवढं द्या." गादी काकांच्या बहिणीकडे गेली. पोतं डिकीत मावलं नाही, ते पुढच्या सीटवर बसलं. आमची ही मागे, उजव्या खिडकीशी. तिने डस्टरने काच पुसली.

आणि मी ड्रायव्हर झालो.

मला कल्पना नव्हती की हे एवढं सोपं आहे. पन्नाशी उलटून गेलेला घामेजलेला माणूस पुढे एकटा, मागे चष्मा लावलेली ताठ बसलेली बाई. पेट्रोल भरताना पोरगा तिला म्हणाला, "मॅडम, नमस्कार," आणि मला म्हणाला, "इंजिन बंद कर." एका पुळणीशी थांबलो, तर वाळूत शंख विकणाऱ्या बाईने हिला शंख कानाला लावून दाखवला आणि मला म्हणाली, "भाऊ, गाडी जरा सावलीत घ्या, मॅडमना चटका बसेल." मी विमा कंपनीत वरिष्ठ आहे. माझ्या सहीशिवाय लोकांचे मोडलेले हात कागदावर मोडत नाहीत. मी गाडी सावलीत घेतली.

पण मागची सीट बोलायला लागली होती.

"हे बघा, ही वाळूची दांडी. लाटा तिरप्या येतात ना, म्हणून वाळू अशी सरकत सरकत जाते. बघताय ना?"

"रस्ता बघतोय."

"लक्ष नाही तुमचं. ती खाडी बघा, मी हिला फळ्यावर दोन बोटं रुंद काढते, प्रत्यक्षात बघा केवढी!"

आरशात तिचे डोळे दिसत होते. आरसा मागच्या गाड्या बघण्यासाठी वापरायचा असतो, असं मला शिकवलं होतं.

जेवायला एका खाणावळीत थांबलो. डबा होता, पण तळलेल्या मासळीचा वास रस्त्यापर्यंत आला होता आणि आमच्या डब्याचा त्यापुढे टिकाव लागला नाही. मालकाने हिला समुद्राकडच्या खिडकीशी बसवलं, स्वच्छ टेबलक्लॉथ, फुलदाणी. मी शेजारची खुर्ची ओढली तर त्याने नम्रपणे माझा दंड धरला. सुरुवातीला सांगितलं तेच ते वाक्य, 'तुमचं मागच्या बाजूला.' मी हिच्याकडे बघितलं. ही मेनू कार्डाच्या मागे हसत होती. बसल्या जागी हलत होती नुसती.

मागच्या बाजूला लांब बाक होतं, तीन-चार ड्रायव्हर जेवत होते. सगळ्यांनी गाडीची किल्ली ताटाशेजारी ठेवली होती. मीही ठेवली. वाढणाऱ्या बाईने तव्यावरची मासळी सरळ माझ्या भातावर टाकली, वर शिंपल्यांचं सार ओतलं, लिंबू पिळलं. असं जेवण मी आयुष्यात जेवलो नव्हतो.

"नवीन दिसता," एक जण म्हणाला.

"गाडीवर नवीन."

"बाई कशा आहेत?"

"कडक आहेत. पण मनाने चांगल्या."

"पगार वेळेवर?"

"पगार त्याच ठेवून घेतात."

सगळ्यांचे घास थांबले. "हे चुकीचं आहे," एक म्हातारा ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "सोडा ही नोकरी. किती वर्षं आहात?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"त्यांचं?"

"आमचं."

तेवढ्यात ही दारात आली. हातात तिची बशी, बशीत तीन पातळ तुकडे आणि शोभेची कोथिंबीर. माझं ताट बघून म्हणाली, "अस्सं! सरका जरा." बाक हसून हसून हललं. म्हाताऱ्याने उठून तिला जागा दिली, आणि पुढचा अर्धा तास तिने त्या सगळ्यांना भरती रोज मागच्या दिवसापेक्षा उशिरा का येते ते मिठाची वाटी आणि दोन किल्ल्या घेऊन समजावलं. माझी किल्ली चंद्र होती.

तिसऱ्या दीपगृहाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उंच, पांढरं, खाली लोखंडी फाटक. मी उतरून हिचं दार उघडलं, कारण ते आतून उघडत नव्हतं. बाकी दावा मी करणार नाही. रखवालदाराने चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"दुरुस्ती! आलात एकदाचे. किती दिवस झाले तक्रार करून." आणि हिला म्हणाला, "या मॅडम. वरच्या सज्ज्याचं दार अडकलंय. कडी सरकत नाही. मला बाहेरून काच पुसताच येत नाही."

मी पुढे झालो. "अहो, ते दुरुस्तीचं असं आहे की..."

"ड्रायव्हरने गाडीशी थांबायचं," रखवालदार म्हणाला. "नियम आहे."

ही म्हणाली, "मी इंजिनिअर नाही. मी भूगोलाची शिक्षिका आहे."

रखवालदार क्षणभर घोटाळला. सूर्य खाली चालला होता. मला वाटलं, संपलं. एवढं येऊन, माझ्या त्या एका शब्दामुळे ही आता फाटकातून परत फिरणार आणि घरी जाऊन पुन्हा फ्रिज बोलायला लागणार. 

"शिक्षिका," तो म्हणाला. "मग कपाटं उघडली असतील."

"शाळेतली सगळी," ही म्हणाली.

ती दोघं आत गेली. मी गाडीशी. सुक्या मासळीचं पोतं आणि मी, दोघंही काचेतून वर बघत होतो. मग मी एकटाच बाहेर आलो, कारण वास. वर काही हालचाल दिसेना. सज्जा रिकामा. सूर्य पाण्याला टेकला. माझी मान दुखायला लागली, तरी मी खाली बघितलं नाही.

नंतर तिने सांगितलं ते असं. कडी गंजली नव्हती, खारट हवेने घट्ट झाली होती. तिने पर्समधला खडू काढला आणि कडीवर, खाचेत, सगळीकडे घासला. शाळेच्या प्रयोगशाळेचं कपाट ती असंच उघडायची. मग रखवालदाराने एक हिसका दिला.

खालून मला एवढंच दिसलं की दार उघडलं आणि एक छोटी आकृती सज्ज्यात आली. ती कठड्याशी गेली. बराच वेळ नुसती उभी राहिली. मग तिने पर्समधून काहीतरी काढलं आणि कठड्यावर आपटलं. पांढऱ्या धुरळ्याचा एक ढग निघाला आणि वाऱ्यावर समुद्राकडे गेला. डस्टर. शाळेच्या खिडकीत तास संपल्यावर आपटायची तसंच. तेवढ्यात तिच्या मागे दिवा लागला.

खाली आल्यावर मी विचारलं, "वर काय दिसतं?"

"किनारा दिसतच नाही हो," ती म्हणाली. "खाचा नाहीत, खाड्या नाहीत, काही नाही. नुसतं पाणी. आणि तुमचं टक्कल."

"हेच सांगणार त्या मुलीला?"

"टक्कल वगळून." मग थांबून म्हणाली, "दिवा कपाटाएवढा आहे. मला आत उभं राहता येईल. हेही सांगणार."

रखवालदाराने आम्हाला चहा दिला. ड्रायव्हरलाही दिला.

रात्र आम्ही त्याच गावात काढली आणि सकाळी त्याच रस्त्याने परत निघालो. आता समुद्र डावीकडे. पोतं मागे, त्याला बेल्ट, आणि ही पुढे, तिच्या खिडकीत सगळाच्या सगळा किनारा, मध्ये पोट नाही, काही नाही. ती बोलत होती. वारा, वाळू, मीठ, रखवालदाराची बायको, त्या मुलीला कुठे गाठायचं. "आता ही खाडी येईल बघा, हिचं तोंड पूर्वी आणखी वर होतं, मग झालं काय की..."

मी वाट बघितली. मग डावीकडे बघितलं. तोंड उघडं टाकून ती झोपली होती.

मी काच थोडी वर घेतली. एसी दोनवर ठेवला. मागून एक ट्रक हॉर्न देत होता, त्याला पुढे जाऊ दिलं, मग आणखी एकाला. पुळणी येत होत्या, जात होत्या. बुटकं दीपगृह आलं. कापडात गुंडाळलेलं आलं. त्याचं वरचं कापड वाऱ्याने सुटलं होतं, आणि आत लाल पट्टा होता. हे तिला उठल्यावर सांगायचं म्हणून मी लक्षात ठेवलं. खाडीचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. घरी विचारलं तर ती नवीन तास सुरू करते, म्हणून मी पुरवून पुरवून विचारतो.

वासामुळे मेहुण्याने शेवटी सीटांवरचं प्लास्टिक काढलं. आत सीटा निळ्या निघाल्या, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मैत्रिणीने आणखी एक सांगितलं होतं. शाळेतल्या त्या शेवटच्या तासाला हिने फळा पुसला नव्हता.